बाजारातलं गणित शाळेत शिकवावं का?

धागाकर्ती: काल मंडईत टोमॅटो ६० रुपये किलो होते. पाऊण किलो घेतले आणि पाचवीतल्या लेकीला म्हटलं, "सांग, किती द्यायचे?" वहीत ३/४ × ६० ती चटकन सोडवते. तिथे मात्र गप्प. बापाला मदत करणारा तिच्याच वयाचा पोरगा म्हणाला, "अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा. पंचेचाळीस द्या." माझं म्हणणं, शाळेने आठवड्यातून एक तास तरी तराजू, टेप, वीजबिल हातात देऊन गणित शिकवावं.

जुना मास्तर: ताई, नाही पटलं. तराजू आमच्याकडेही नव्हता. रोज दिवेलागणीला परवचा, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी असे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा यांचे पाढे मोठ्याने म्हणायचो. पाऊणकी पाठ असलेलं पोर अडलं नसतं. आधी पाठांतर, मग बाजार.

धागाकर्ती: तिचे ३० पर्यंत पाढे पाठ आहेत, मास्तर. कुठे लावायचे हे सुचत नाही.

आकडेमोड: त्या पोराचं कौतुक करून थांबू नका. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड हिशोब तोंडी करत होती, पण शाळेतली साधी वजाबाकी-भागाकाराची गणितं त्यांना जमत नव्हती. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलट. नुसत्या बाजाराने वही येत नाही.

झेडपी शिक्षिका: अगदी हेच मी वर्गात बघते. चौथीला दुकान मांडते, कागदी नोटा देते. पोरं "अर्धा नि पाव" म्हणाली की त्याच क्षणी फळ्यावर १/२ + १/४ = ३/४ लिहिते. पहिल्या वर्षी हे लिहिलं नव्हतं. दुकान रंगलं, चाचणीत अपूर्णांक कोरे.

जुना मास्तर: आणि पोर्शन?

झेडपी शिक्षिका: दोन तास जास्त जातात. उजळणीतून काढते, पालकांची बोलणीही खाते. पण दुकान सोडणार नाही.

जुना मास्तर: दोन तास घ्या. परवचा मात्र बंद करू नका.

धागाकर्ती: रात्री लेकीला नीट विचारलं. २५० ग्रॅम म्हणजे पाव किलो, हे तिला ठाऊक होतं. पाव म्हणजे १/४ आणि पाऊण म्हणजे ३/४, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत 'थ्री फोर्थ्स', आणि घरी मीही कधी बोलले नाही. आज पीठ मळताना पाऊण वाटी पाणी तिलाच मोजायला लावलं.