अनुभव धागा : मयतीचा सांगावा आणि मोबाईल

पूर्वी गावात कुणी गेलं की सांगावा घेऊन माणूस निघायचा. लेकीच्या दारात तो खरं कधी सांगत नसे. "म्हातारीचं जरा जास्तंय, चल," एवढंच. एसटीत बसल्यावर तिला कळायचं ते कळायचंच, पण रडायला माहेरचा उंबरा मिळायचा. आता सांगावा निघायच्या आधी भाच्याचं स्टेटस पडलेलं असतं. मातीपासून तेरवीपर्यंत आपल्या मराठवाड्यात मोबाईल कुठंकुठं शिरलाय, ते लिहा. नावं आणि फोटो नकोत. बरं की वाईट हे ठरवायची घाई नको, घडलं ते सांगा.

गेवराईकर
चुलतभाऊ मोटारसायकलवरून गेला. त्याची बायको माहेरी होती. आम्ही ठरवलं, तिला फक्त 'दवाखान्यात नेलंय' म्हणायचं आणि चुलतीला आणायला पाठवायचं. चुलतीची गाडी फाट्यावर पोचेपर्यंत तिच्या दहावीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येऊन गेली होती, सोबत रस्त्यावरचा फोटो. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग, आणि मधेच एकाचा अंगठा. तो फोटो काढणारा कोण, अजून कळलं नाही. कळला तर बोलणं होणार नाही, भांडणच होईल.

कोयता
धारूरकडचा आहे. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्याला. माय वारली तेव्हा मी कर्नाटकात फडात होतो. निघालो असतो तरी पोचायला रात्र झाली असती आणि माती दुपारचीच ठरली होती. भावानं व्हिडिओ कॉल लावला. रेंजची एकच काडी. मायचं तोंड यायचं, अडकायचं, मग नुसतंच पत्र्याचं छत दिसायचं. मागून आत्या ओरडली, "आरं त्याला पाय दाखव, पाया पडू दे लेकराला!" भावानं मोबाईल खाली नेला. भेगा पडलेल्या टाचा, त्यातल्या एकीवर हळद लागलेली. मी मोबाईल पाचटावर ठेवला अन् डोकं टेकवलं. माझी बायको शेजारी उभी राहून रडायली. तिसऱ्या प्रहरी गाडी भरायची होती, भरली.
मोबाईलवर कसलं आलंय अंत्यदर्शन, असं शहरातले लोक म्हणतात. म्हणू द्या. त्यांच्या डोक्यावर मुकादमाची उचल नसती.

उदगीरचा
आम्ही लिंगायत, आमच्यात बसवून पुरतात. आमचे पुरोहित, जंगम, विधी करायलेत, अन् पुतण्या समाधीच्या अगदी तोंडाशी मोबाईल धरून, "आत्या, दिसतंय का? आवाज येतोय का?" लोकांनी त्याला वाट करून दिली. मला, सख्ख्या मुलाला, मागून टाचा उंचवून बघावं लागलं. पण आत्या गुडघ्यांनी अधू, पुण्यातनं येऊ शकली नसती, म्हणून गप्प बसलो.

गोदाकाठ, नांदेड
2020 ला अंत्यविधीला 20 माणसांचीच परवानगी होती. दादांच्या दहाव्याला घाटावर गुरुजी, मी अन् मोबाईल. बाकी भावकी सगळी झूमवर. कावळा काही शिवेना. पेढा ठेवून झाला, घराचं कर्ज फेडतो म्हणून झालं. शेवटी हैदराबादचे काका म्हणाले, "स्पीकर मोठा कर." अन् तिकडून मोठ्यानं, "दादा, पोरीच्या लग्नाचं मी बघतो!" कावळा आला. त्यानं ऐकलं की त्याला भूक लागली, देव जाणे. पण भावकीतल्या साऱ्या चौकोनांनी ऐकलं होतं. लग्नात काका खर्चाला उभे राहिले.

डीटीपीवाला, अंबड
रात्री दोनला फोन येतो, "दादा, बॅनर पायजे, मोबाईलवर सोडायला." फोटो पाठवतात तो कुणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला, खांद्यावर शेजाऱ्याचा हात. तो हात खोडण्यातच सगळा वेळ जातो. कुणाला 'कै.', कुणाला 'कालकथित', कुणाला 'लिंगैक्य'. दहावा लिहायचा की जलदान विधी, हे आधी विचारून घ्यायचं. खरी लढाई 'शोकाकुल'च्या खालच्या नावांवर. एकदा धाकट्या जावयाचं नाव राहिलं, तर मयत घरात ठेवून माणसं दुकानात भांडायला आली. वरच्या कोपऱ्यात पुढाऱ्याचा फोटो टाका म्हणणारेही असतात. मग मीच विचारतो, गेलंय नेमकं कोण?
कधी माणूस जायच्या आधीच सांगून ठेवतात. "डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. फोटो करून ठेव, तारीख मागून टाकू." असाच एक म्हातारा घरी आणला अन् उठून बसला. फाईल अजून माझ्याकडं आहे. परवा तो रसवंतीवर दिसला, मी मान खाली घातली.

परभणी, जुना मोहल्ला
आमच्यात दफनाला उशीर करत नाहीत. 'असरच्या नमाजीनंतर' एवढं ग्रुपवर आलं की औरंगाबादचा माणूस लगेच निघतो. भोंग्यावरून अजूनही सांगतात, पण तो आवाज मोहल्ल्यापुरता. अब्बांच्या वेळी अम्मीनं दारातच बजावलं, मय्यतीचा फोटो कुणी काढायचा नाही. कुणी काढला नाही. तोंडानं सांगावं लागतं, एवढंच.

लातूरची लेक
आई गेल्यावर तिचा फोन बंद करून कपाटात ठेवला. काही महिन्यांनी बहिणींच्या ग्रुपवर ओळ आली, तिच्या नंबरनं ग्रुप सोडल्याची. 120 दिवस वापर नसला की व्हॉट्सॲप खातं काढून टाकतं, हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र धाकटी मला फोन करून म्हणाली, "आई रुसून गेली का गं?" आम्ही दोघी हसलो, मग दोघी रडलो. नंबरही परत दुसऱ्याला देतात. बंद झाल्यावर निदान 90 दिवस थांबतात, असं ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलंय. आता त्या नंबरवर एका ट्रॅक्टरचा डीपी आहे.
फेसबुकचं वेगळं. तिथं जिवंतपणी 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमून ठेवता येतो. तो माणूस आपल्यामागं खातं सांभाळतो, पण आपले मेसेज त्याला वाचता येत नाहीत. मी माझ्या बहिणीला नेमलंय.

हिंगोलीकर
ताई, नंबर बंद पडू द्यायचा नाही. आम्ही बाबांच्या सिमला रिचार्ज मारत राहतो. माया वगैरे आहेच, पण बँकेचे सगळे मेसेज त्यावर येतात अन् वारसाचा फेर अजून कचेरीत अडकलाय. तिथले साहेब अंत्यविधीच्या स्टेटसवर हात जोडून गेले होते. कागद मात्र होता तिथंच आहे.