मला अकरावा आठवडा चालू आहे. सतरा महिन्यांच्या मुलीला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस द्यावा का?

आरूची_आई

माझी मुलगी सतरा महिन्यांची आहे आणि मला परत दिवस गेलेत. येत्या मंगळवारी अंगणवाडीत लसीकरण आहे. आशाताई काल कार्ड बघून गेल्या. एमआरचा (गोवर-रुबेला) दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओचे थेंब आणि व्हिटॅमिन ए, सगळं एकाच दिवशी आहे. "दहाला या, पोरीला काहीतरी खाऊ घालून आणा" म्हणाल्या.

त्यांची पाठ वळली आणि घरात बोलणं सुरू झालं. चुलत सासूबाईंनी ऐकलंय की या लशीत जिवंत जंतू असतात आणि पोटुशी बाई घरात असताना ती लहान मुलाला दिली तर पोटातल्या बाळाच्या डोळ्यांवर जातं. सासूबाई म्हणतात, बाळंतपण होऊ दे, मग देऊ, लस कुठं पळून चाललीय. नवरा चाकणला कंपनीत असतो, शनिवारीच येतो. फोनवर म्हणाला, तुला काय योग्य वाटतं ते कर. मी मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच ठिकाणी ठळक अक्षरांत लिहिलेलं, गरोदर स्त्रियांना ही लस देऊ नये. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

आरू माझ्याच कुशीत झोपते. अर्धा चावलेला घास काढून माझ्या तोंडात घालते. तिचं शी-शू सगळं मीच बघते. तिला चार दिवस लांब ठेवा असं कुणी म्हटलं तर ते होणारच नाही. आरूच्या आधी माझं एक बाळ दुसऱ्या महिन्यात गेलं, म्हणून घरचे जास्त घाबरलेत आणि मीही. कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा. मंगळवार चार दिवसांवर आलाय.

प्राजक्ता_नाशिक

मला चौथा महिना चालू होता तेव्हा मोठ्या मुलाला खासगी दवाखान्यात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस दिली होती. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला स्वतःला लहानपणी कांजिण्या झाल्यात का? मी आईला फोन लावला. चौथीत असताना झाल्या होत्या, कपाळावरचा वण त्याचाच. मग दोन्ही लशी दिल्या. आम्ही सगळे एकाच गादीवर झोपत होतो. मुलगी आता तीन वर्षांची आहे, सगळं व्यवस्थित आहे. पण मी डॉक्टर नाही, तुझ्या डॉक्टरांना विचारच.

निवृत्त_सिस्टर_पाटण

पोरी, मंगळवारी आरूला घेऊन जा. तू गरोदर आहेस म्हणून तिचा कुठलाही डोस थांबवायचं कारण नाही.

मी एकोणतीस वर्षं एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स होते, बरीचशी पाटण तालुक्यातल्या वाड्यांवर. हाच प्रश्न उंबऱ्या-उंबऱ्यावर ऐकलाय, म्हणून नीट सांगते.

तू वाचलंस ते खरं आहे, पण ते तुझ्याबद्दल आहे, आरूबद्दल नाही. गरोदर बाईच्या *स्वतःच्या दंडात* ही सुई टोचायची नाही, खबरदारी म्हणून. एवढ्याचंच पुढं तोंडातोंडी "गरोदर बाईच्या घरात नको" असं होतं. लशीत गोवर आणि रुबेलाचे विषाणू जिवंत असतात, हे तुझ्या चुलत सासूबाईंचं बरोबर आहे. पण ते दुबळे केलेले असतात. लस घेतलेल्या मुलाकडून ते घरातल्या दुसऱ्या माणसाला लागत नाहीत. कुशीत घे, उष्टं खा, पापे घे. आणखी एक ऐक. दिवस गेल्याचं माहीत नसताना चुकून रुबेलाची लस टोचली गेलेल्या बायकांचाही कितीतरी देशांत पाठपुरावा झाला आहे. त्यांच्या बाळांना लशीमुळे जन्मजात रुबेलाचा आजार झाल्याची नोंद नाही. मग मुलीला दिलेल्या डोसानं तुला काय व्हायचंय?

डोळ्यांचं म्हणशील तर तेही हवेतून आलेलं नाही. डोळे जातात ते रुबेला या *आजारानं*. आमच्याकडं एका वाडीवर एक मुलगी जन्मली, दोन्ही बुबुळांत पांढरं. मी तिसऱ्या आठवड्यात गेले तर आई म्हणाली, दिव्याकडं बघतच नाही ही. मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं मोतीबिंदू निघाला आणि हृदयाला छिद्र. डॉक्टरांनी आईला विचारलं, तिसऱ्या महिन्यात अंगावर बारीक पुरळ उठलं होतं का? तिला आठवलं. थोरला शाळेतून ताप घेऊन आला होता, अंगावर लाल पुरळ, कानामागं गाठी. तीन दिवसांत तो खेळायलाही लागला. आठ-पंधरा दिवसांनी तिला तसंच झालं. भाताची लावणी होती, कुणी लक्षही दिलं नाही. त्या मुलीला ऐकूही येत नव्हतं, ते दीड वर्षानं कळलं. तेव्हा सरकारी लसीकरणात नऊ महिन्यांची गोवराची लस होती, रुबेलाची नव्हती. त्या थोरल्याला ती मिळाली असती तर, हे मी आजही मनात धरून आहे.

महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 ला गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाच्या मुलांसाठी. त्याच्या प्रशिक्षणात डॉक्टरांनी सांगितलेलं लक्षात राहिलंय. सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी 1941 साली पहिल्यांदा हे लिहिलं. त्यांच्याकडं मोतीबिंदू असलेली तान्ही बाळं एकामागून एक यायला लागली आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर दहातल्या नऊ बाळांपर्यंत इजा पोचू शकते. तू अकराव्यात आहेस. तुझ्या घरात रुबेला कोण आणू शकेल, याचा विचार कर. अंगणवाडीत, लग्नकार्यात, एसटीत फिरणारं लहान मूल. आरूचा डोस म्हणजे तुझ्या दाराची कडी आहे.

पोलिओचे थेंब दिल्यावर लशीतला विषाणू काही आठवडे शीतून बाहेर पडतो. त्यासाठी थेंब टाळायचे नाहीत. लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवायचे, जे तू एरवीही करतेस. त्रिगुणीत जिवंत काही नसतंच. तिनं मांडी दुखेल, एक-दोन दिवस ताप येईल. पॅरासिटामॉल सिस्टर वजनाप्रमाणं सांगतील. मांडीला चोळू नका, शेकू नका.

आणि तुझा टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाचा) डोस विचारून घे. आरूच्या वेळी दोन्ही झाले असतील तर या खेपेला एकच बूस्टर लागतो.

विनायक_इचलकरंजी

सिस्टर, तुमचं पटलं, पण एक शंका. पहिला डोस तर झालाय. मग बाळंतपणापर्यंत थांबलं तर काय बिघडतं? आमच्याही घरी हेच चाललंय, म्हणून विचारतो.

निवृत्त_सिस्टर_पाटण

भाऊ, हिशेब मांडून बघा. बाळंतपणाला अजून एकोणतीस आठवडे, तोवर आरू दोन वर्षांची होईल. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा असतो. नऊ महिन्यांच्या डोसानं शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना गोवरापासून संरक्षण मिळतच नाही आणि ती कोणती हे वरून ओळखता येत नाही. त्यांच्यासाठी दुसरा डोस आहे. शिवाय थांबून मिळणार काय? घरात तान्हं बाळ आलेलं असेल आणि त्याला स्वतःची एमआर नऊ महिन्यांपर्यंत मिळायची नाही. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवर पसरला, त्यात लहान मुलं दगावली. लस न मिळालेली कितीतरी पोरं होती त्यात.

कांजिण्यांची लस सरकारीत नाही, पण खासगीत देणार असाल तर तिची एक वेगळी गोष्ट आहे. लस दिल्यावर मुलाला पाण्याचे फोड आले तरच, तेही फार क्वचित, ती दुसऱ्याला लागू शकते. गरोदर बाईला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसतील तर फोड सुकेपर्यंत मुलाचं दुसऱ्या कुणी बघावं. फोड नाहीत तर काही पाळायचं नाही. प्राजक्ताला डॉक्टरांनी कांजिण्या झाल्यात का विचारलं ते याचसाठी.

आरूची_आई

मंगळवारी सगळे डोस झाले. सिस्टरांचा मजकूर मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. वाडीवरच्या मुलीचं ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग स्वतःच आरूला कडेवर घेऊन आल्या. रात्री ताप आला, बुधवारी संध्याकाळी उतरला.

आरूची_आई

सिस्टर, कृपया लवकर सांगा. आज आठवा दिवस. आरूला सकाळपासून कणकण आहे आणि कानामागून छातीपर्यंत बारीक लाल पुरळ आलंय. खेळतेय, खातेय. पण मला आता तिला जवळ घ्यायची भीती वाटतेय. सासूबाईही काही बोलत नाहीत.

निवृत्त_सिस्टर_पाटण

घे जवळ. एमआरनंतर सात ते बारा दिवसांच्या आत काही मुलांना असा ताप आणि पुरळ येतं, दोन-तीन दिवसांत जातं. लशीमुळे आलेलं हे पुरळ कुणाला लागत नाही, तुलाही नाही. तरी आशाताईला किंवा उपकेंद्रात दाखवून ये, म्हणजे कुणीतरी डोळ्यांनी बघितलेलं बरं. ताप चढत गेला, तिनं खाणंपिणं सोडलं किंवा झटका आला तर वाट न बघता दवाखाना गाठ.

मला हे तुला आधीच सांगायला हवं होतं. तुझा एक दिवस भीतीत गेला, त्याचं वाईट वाटतंय.

आरूची_आई

उपकेंद्रात दाखवलं, तिथल्या सिस्टरही हेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी पुरळ गेलं. काल माझी सोनोग्राफी झाली, सगळं ठीक आहे. डॉक्टरांना माझ्याबद्दलही विचारलं. लहानपणी मला रुबेलाची लस मिळालेलीच नाही. त्या म्हणाल्या, आता नाही, बाळंतपणानंतर घे, दूध पाजत असलीस तरी चालते.

अजून एक विचारायचंय. चुलत सासूबाईंच्या नातवाचा नऊ महिन्यांचा डोस याच भीतीनं राहिला होता, तो आता अकरा महिन्यांचा झालाय. त्या आज आपणहून म्हणाल्या, पुढच्या वेळी त्याला आमच्याबरोबर न्या. उशीर झाला तरी देतात ना?

निवृत्त_सिस्टर_पाटण

देतात. पाच वर्षांपर्यंत देतात. पुढच्या सत्रापर्यंतही थांबू नका, आरोग्य केंद्रात लसीकरणाचा वार कोणता ते आशाताईला विचारा. कार्ड बरोबर न्या, सापडत नसेल तरी जा.