छळछावणीच्या स्मारकाला गेलाय का कोणी? अनुभव लिहा

इसारकाठची

काल लेकीच्या शाळेतून पत्र आलं, नववीची डाखाऊच्या छळछावणीची ट्रिप, सही करून पाठवा. इथे जर्मनीत बायर्न राज्यात गिम्नाझियम आणि रेआलशूल या दोन प्रकारच्या शाळांच्या मुलांना एकदा तरी छळछावणीच्या स्मारकाला न्यावंच लागतं, त्यामुळे पत्र येणार हे माहीतच होतं. पण सही केली आणि सासू-सासरे आले होते तेव्हाची आमची डाखाऊची फेरी डोक्यात आली ती रात्रभर जाईना, म्हणून हा धागा.

म्युनिकहून एस २ लोकल पकडायची, डाखाऊ स्टेशनला उतरून ७२६ नंबरची बस. आल्यागेल्या सगळ्यांना तो डोंगरावरचा राजवाडा बघायचा असतो, सासऱ्यांनी मात्र पुण्याहून निघतानाच सांगून ठेवलेलं, राजवाडा राहिला तरी चालेल, ते दाखव. ते आणीबाणीत येरवड्याला होते. आत गेल्यावर आधी कळतच नाही काय बघायचं, कारण बघायला फारसं काही नाहीच. ३४ बराकी होत्या, दोन परत बांधून ठेवल्यात, बाकीच्यांच्या जागी नुसती खडी आणि कडेची आखणी, मधून पॉप्लरच्या झाडांचा सरळ रस्ता. सासरे चष्मा वरखाली करत प्रत्येक बोर्ड वाचत होते. एका बोर्डापाशी मला हाक मारली, तारीख बघ म्हणे. २२ मार्च १९३३. हिटलर ३० जानेवारीला चॅन्सेलर झाला, दोन महिनेसुद्धा झाले नव्हते आणि छावणी सुरू. युद्ध अजून सहा वर्षं लांब. आणि पहिले आत कोण तर कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, विरोधातली माणसं. मग आपणहूनच म्हणाले, "आमचं तसलं काही नव्हतं बरं का, आम्हाला बाहेरून लाडू यायचे." एरवी कुणीही भेटलं की येरवडा सुरू होतो त्यांचा, त्या दिवशी नाव काढलं नाही परत.

मागच्या बाजूला प्रेतं जाळायच्या भट्ट्यांची इमारत आहे, तिथे एक पाटी आहे चार बायकांच्या नावाची. ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये गुप्तपणे काम करणाऱ्या, १३ सप्टेंबर १९४४ ला तिथेच गोळ्या घातल्या. त्यात नूर इनायत खान. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, गाणारे आणि सूफी. सासूबाईंचं माहेर बडोदं, तोवर त्या बिचाऱ्या गुडघे धरून मागे मागे येत होत्या, हे ऐकल्यावर म्हणाल्या, "अगं म्हणजे मौलाबक्षांच्या गायनशाळेतले का?" मी फोनवर बघितलं तर खरंच, मौलाबक्ष म्हणजे नूरच्या वडिलांचे आजोबा, आईकडचे. बाईंनी तिथल्या तिथे बूट काढले, ते हिवाळी, लेसचे, मी खाली बसून सोडून दिले, आणि मोज्यांवर उभं राहून नमस्कार केला. शेजारी जर्मन मुलांचा घोळका होता, ती बघत राहिली.

तुम्ही कोणकोण कुठे गेलायत? लिहा. लांबलचक चालेल, दोन ओळीही चालतील.

भटक्या_सातारकर

ऑशविट्झ. केसांची खोली. तिथे फोटोला बंदी आहे आणि नसती तरी मी काढला नसता.

भटक्या_सातारकर

वरचं अर्धवट पोस्ट झालं, लोकलमध्ये आहे. लिहायचं होतं ते वेगळंच, केसांचं सगळेच सांगतात त्यामुळे मनाची तयारी असते. तयारी नसते ती भांड्यांची. काचेमागे इनॅमलच्या पातेल्यांचा ढीग, निळी, पांढरी, झाकणं वेगळी, पेले वेगळे, काहींचा टवका उडालेला. आमची गाइड पोलिश बाई, आवाज एकदम सपाट, इतकंच म्हणाली की यांना सांगितलं होतं दुसरीकडे वस्ती करायला चाललोय. बॅगांवर मोठ्ठ्या अक्षरांत नाव आणि जन्मसाल रंगवलेलं, सामान परत मिळताना घोळ नको म्हणून. ११ लाख माणसं मारली त्या ठिकाणी, त्यातले साधारण १० लाख ज्यू, हे आकडे मी शाळेपासून वाचतोय पण डोक्यात काही शिरत नव्हतं. पातेलं घेतलंय म्हणजे पोचल्यावर संध्याकाळी काहीतरी शिजवायचं होतं ना त्या बाईला. चला दादर आलं.

मुगाची_खिचडी

@भटक्या, गॅसवर भात ठेवून वाचत होते. लिहायला नको होतंस असं वाटलं आणि बरं झालं लिहिलंस असंही.

निवृत्त_काका

आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. कार्यक्रमपत्रिकेत ऑशविट्झ आणि मिठाची खाण एकाच दिवशी, त्यामुळे सकाळपासून घाई. तिथे मोठी बॅग नेता येत नाही हे टूर मॅनेजरने बसमधून उतरल्यावर सांगितलं. मग काय, निम्म्या बायकांच्या पर्सा परत बसमध्ये, आणि पर्सांमधला चिवडा, खाकरे, गोळ्या सगळं खिशांत. एक वहिनी आत जाताना विचारत होत्या इथे मॅग्नेट मिळतात का. हसू नका, त्याच वहिनी ११ नंबर ब्लॉकच्या अंगणात, गोळ्या घालायची ती काळी भिंत आहे ना, तिथे पंधरा मिनिटं हलायला तयार नव्हत्या, मॅनेजर घड्याळ दाखवतोय आणि या ढिम्म.

आमच्यातच एक गृहस्थ, जाताना बसमध्ये म्हणत होते आपल्याकडे पण असा एक हिटलर पाहिजे, सरळ होतील सगळे. मला वाटलं परत येताना तरी गप्प बसतील. कसलं काय. "शिस्त बघा पण, नोंदी कशा ठेवल्यात!" हे ऐकलं माझ्या कानांनी, आणि दोनतीन माना डोलल्या. मी खिडकीकडे तोंड केलं. भांडलो असतो पण सौ.ने मनगट धरून ठेवलेलं.

कॉफी_विथ_कोकम

काका, तुमचे ते गृहस्थ आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण आहेत. चारपाच जण आहेत.

पोटभाडेकरू

येनाला मास्टर्स करत असताना बुखेनवाल्ड. वायमारहून सिटी बस थेट वर टेकडीवर जाते, नेहमीचं तिकीट. म्हणजे ज्या गावात कवी गटे राहिला, शिलर राहिला त्याच गावाची बस. भर जानेवारीत गेलो कारण सुट्टी तेव्हाच होती. वर वारं असलं की डोळ्यांतून पाणी येतं, आणि अंगात दोन जॅकेट असून आपण कुडकुडतोय याची लाज वाटायला लागते. फाटकावरचं घड्याळ सव्वातीनला थांबवून ठेवलंय, ११ एप्रिल १९४५ ची सुटकेची वेळ.

मला लिहायचंय ते हजेरीच्या मैदानातल्या धातूच्या प्लेटबद्दल. जमिनीतच बसवलीय, पटकन लक्षातही येत नाही. पन्नासहून जास्त देशांची, समाजांची नावं त्यावर कोरलीत, इथे कोंडलेली माणसं कुठकुठची होती ती. आणि ती प्लेट बारा महिने ३७ डिग्रीला गरम ठेवतात, माणसाच्या अंगाइतकी. आजूबाजूला सगळीकडे बर्फ आणि तेवढा एक चौकोन ओला, काळा. ग्लोव्ह काढून हात ठेवला. बाकी तिथलं म्युझियम मोठं आहे, चांगलंही आहे, मला मात्र आता काही आठवत नाही त्यातलं.

इसारकाठची

@पोटभाडेकरू हे माहीतच नव्हतं. ईस्टरच्या सुट्टीत जमवते.

सांगलीचा_वडापाव

प्लेटला हीटिंगचं बिल किती येत असेल
(सॉरी, खरंच मनात आलं)

पोटभाडेकरू

सॉरी कशाला, आमच्या ग्रुपमधल्या एका पोराने तिथे उभं राहून हेच विचारलेलं.

चिंचगुळाची_आमटी

आम्ही राहतोच डाखाऊमध्ये, गावात. म्युनिकची भाडी परवडेनात म्हणून आलो. आईला फोनवर गावाचं नाव सांगितलं तर ती म्हणे दुसरं गाव नाही का मिळालं. खरं तर बाराशे वर्षं जुनं गाव आहे, नाव पहिल्यांदा सापडतं ते ८०५ साली, वर राजवाडा आहे, हवा स्वच्छ असली की गच्चीवरून आल्प्स दिसतात, पूर्वी चित्रकारांची मोठी वसाहत होती इथे. पण जगात डाखाऊ म्हटलं की एकच गोष्ट. शेजारची म्हातारी म्हणते परदेशात गेले की म्युनिकजवळ राहते एवढंच सांगते. मी तिला कधी विचारलं नाही तिचे आईवडील तेव्हा इथेच होते का. विचारावंसं वाटतं, केक घेऊन येते ती दर नाताळात, मग नको वाटतं.

इथल्या छावणीचं लोखंडी फाटक २०१४ मध्ये चोरीला गेलं होतं आठवतंय का? गावभर तोच विषय. दोन वर्षांनी नॉर्वेत सापडलं! आता जुनं आत म्युझियममध्ये ठेवलंय, बाहेर लावलंय ते नवीन केलेलं. कोणी नेलं, कशाला नेलं देव जाणे.

मुगाची_खिचडी

ऑशविट्झच्या फाटकावरची पाटी पण चोरलेली ना? २००९ला बहुतेक. तीन तुकडे करून.

चिंचगुळाची_आमटी

हो डिसेंबरमध्ये. थोड्याच दिवसांत सापडली.

रंकाळा_रिटर्न्स

आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पण पोलिश लोकांची छावणी होती की राव, कुणी लिहिलंच नाही. आजी सांगायची, गोऱ्यापान बायका बाजारात यायच्या आणि मराठीतून घासाघीस करायच्या. हिटलरच्या तावडीतून सुटलेले लोक ते.

निवृत्त_काका

रंकाळा, एक दुरुस्ती. ते हिटलरच्या नाही, स्टालिनच्या तावडीतून आलेले. १९३९ ला पोलंडचा पूर्व भाग रशियाने घेतला, तिथल्या कुटुंबांना उचलून सायबेरिया-कझाकस्तानात टाकलं, १९४१ नंतर सोडलं, मग इराणमार्गे भारत. वळिवड्यात १९४३ ते ४८, साधारण पाच हजार जण, बायका-मुलंच जास्त. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होतं. छावणी शब्द एकच पण इथे लोक जगायला आले होते. महावीर गार्डनमध्ये स्मारक आहे बघा.

रंकाळा_रिटर्न्स

महावीर गार्डनला भेळ खायला शंभरदा गेलोय काका. आता बघतो.

अंगठाबहाद्दर

एवढं लांब कशाला, अंदमानला जा. सेल्युलर जेलच्या सात विंगांपैकी तीनच उरल्यात आता पण तो कोलू बघितला की पुरतं. लाइट अँड साउंड शो चुकवू नका.

कॉफी_विथ_कोकम

जाऊन आलेय, गहिवरूनही आलं. पण दोन्हीची तराजूत घालून तुलना नको. तिथे राजकीय कैदी होते, शिक्षा अमानुष होत्या. इथे जन्माने ज्यू एवढ्या कारणावरून तान्ह्या बाळापासून सगळे. धागा तिकडे नका नेऊ प्लीज, त्यासाठी वेगळा काढा, मी पहिला प्रतिसाद देते.

अंगठाबहाद्दर

काढतो. फोटो शोधतो आधी.

झिपरी

साक्सेनहाउझेन, बर्लिनहून एस १ ने शेवटपर्यंत ओरानियनबुर्ग. तिथे मैदानात अर्धगोल ट्रॅक आहे, कुठे खडी, कुठे वाळू, कुठे सिमेंट. कशासाठी तर बुटांचे तळवे टेस्ट करायला! कैद्यांना दिवसभर त्यावर चालवायचे, ४० किलोमीटरपर्यंत, पाठीवर ओझं, आणि बूट बनवणाऱ्या कंपन्यांना रिपोर्ट. मी शूजच्याच कंपनीत क्वालिटीला आहे, आमच्याकडे हेच काम मशीन करतं. टेबलवर कुणाच्या तरी हातात ती रिपोर्टची वही असणार, रकाने आखलेली, माझ्यासारखीच. त्यापुढे मला गाइडचं ऐकूच येईना.

आणि तिथे नाझी गेल्यावर १९४५ ते ५० रशियनांनी त्याच बराकींत आपले कैदी ठेवले, त्यातलेही १२ हजार मेले, भूक आणि रोगराई. त्याचं वेगळं म्युझियम आहे आत. तिथे फार कोणी जात नाही.

तिखटमीठ_लावून

रुळांवर तोल सांभाळत फोटो काढणाऱ्यांबद्दल कोणीच बोललं नाही? बिर्केनाऊच्या, म्हणजे ऑशविट्झच्याच दुसऱ्या मोठ्या छावणीच्या, फाटकातून आत जातात ते रूळ. २०१९ मध्ये म्युझियमला ट्विट करून सांगावं लागलं असं करू नका म्हणून. आमच्यासमोर एक जोडपं, आपलंच, मराठी, "थोडी डावीकडे, टॉवर येऊ दे." मी मराठीतूनच म्हटलं, ताई इथे नको. ती लगेच खाली उतरली, नवऱ्याने मात्र मला असं बघितलं जसं काही मीच रेल्वेची मालकीण.

मुगाची_खिचडी

चांगलं केलंस. पण मला त्यांचा राग नाही येत गं. माणूस फिरायला निघालेला असतो, सकाळी ब्रेकफास्ट बुफे, दुपारी हे, संध्याकाळी बिअर. चेहरा कधी बदलायचा ते कळत नाही कित्येकांना.

दोन_पिल्लांची_आई

११ वर्षांच्या मुलाला ऑशविट्झला नेऊ का? जूनमध्ये क्राको ठरतंय, सोबत सासूबाई पण आहेत, ७४ वर्षं, गुडघे.

भटक्या_सातारकर

म्युझियमच सांगतं १४ च्या खाली नको. बंदी नाही, पण थांबा दोनतीन वर्षं. क्राकोत त्याला किल्ल्याच्या पायथ्याचा ड्रॅगनचा पुतळा दाखवा, तोंडातून खरी आग काढतो.

सासूबाईंचं म्हणाल तर मुख्य छावणीत जिने फार, पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात, हात धरायला माणूस हवा. तिथून बिर्केनाऊ ३ किलोमीटर, फुकट शटल आहे. पण बिर्केनाऊ प्रचंड आहे, सावली नाही, जमीन खडबडीत, शेवटी पाडलेल्या भट्ट्यांपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे त्यांना होणार नाही. फाटकाजवळ बसवा. प्रवेश फुकट आहे पण बुकिंग आधी करा, जूनमध्ये गाइडचे स्लॉट भरभर संपतात.

दोन_पिल्लांची_आई

थँक्स! मग मी आणि नवरा आळीपाळीने जाऊ. आणि सासूबाई शाकाहारी आहेत, क्राकोत काय खायला घालू?

झिपरी

पिएरोगी रुस्किए मागा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं, आपल्या उकडीच्या करंज्यांसारखं दिसतं. फक्त वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालतात बऱ्याच ठिकाणी, ते आधीच नको म्हणून सांगा.

निवृत्त_काका

आणि लोणचं न्या घरून.