हत्तीरोग: अँटिबॉडी पॉझिटिव्ह, रात्रीची काचपट्टी निगेटिव्ह. रिपोर्टात काय लिहायचं?

शाहूपुरी_लॅब: शिरोली एमआयडीसीतला फाउंड्री कामगार, मूळचा बिहारचा. डावा पाय सुजलाय. रात्री ११ च्या रक्तात मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या कृमींची पिल्लं, ती रात्री रक्तात येतात) नाहीत, पण रॅपिड कार्डावर आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) पॉझिटिव्ह. डॉक्टर विचारतात, सध्या संसर्ग आहे की नाही?

सूक्ष्मदर्शी: कार्डावरून ते सांगता येत नाही. अँटिबॉडी म्हणजे जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. उपचारानंतरही ती वर्षानुवर्षं राहू शकते. त्यात एकूण आयजीजी इतर कृमींनाही, विशेषतः स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या कृमीला, उठते. आयजीजी४ हा तिचा उपप्रकार मोजणारी चाचणी त्यामानाने नेमकी. "फायलेरियाविरोधी अँटिबॉडी आढळली, सध्याचा संसर्ग यावरून ठरत नाही" असं लिहा आणि अँटिजेनची, म्हणजे खुद्द कृमीच्या अंशाची, चाचणी करा. एफटीएस (फायलेरियासिस टेस्ट स्ट्रिप) पट्टी प्रौढ कृमीचं अँटिजेन पकडते, म्हणून दिवसाही चालते. रक्त ७५ मायक्रोलिटर, मोजूनच. बोटाच्या थेंबाचा अंदाज नको. बरोबर १० मिनिटांनी वाचा. उशिरा उमटलेली फिकट रेघ धरू नका, खोट्या पॉझिटिव्हचं ते नेहमीचं कारण.

रात्रपाळी: भावा, आधी त्याची पाळी विचार. रात्री काम करून दिवसा झोपणाऱ्याचं मायक्रोफायलेरिया रक्तात येण्याचं वेळापत्रकही उलटतं. मग रात्री ११ चं रक्त काय कामाचं? झोपेच्या वेळेतलं घे. २० मायक्रोलिटरच्या तीन जाड रेघा, पूर्ण वाळू दे, पाण्यात हिमोग्लोबिन काढ, मगच मिथेनॉल आणि जिम्सा रंग. मिथेनॉल आधी घातलं तर लाल पेशी पक्क्या बसतात आणि खाली काही दिसत नाही.

शाहूपुरी_लॅब: आणि एफटीएसही निगेटिव्ह आलं तर?

सूक्ष्मदर्शी: तरी हत्तीरोग नाही असं लिहू नका. जुनी सूज असेल तर कृमी बहुधा मेलेले असतात. मायक्रोफायलेरिया आणि अँटिजेन दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात. शिवाय ही पट्टी फक्त वुचेरेरिया या कृमीची, हत्तीरोगाची दुसरी कृमी ब्रुगिया तिच्यात सापडत नाही. बिहारच्या माणसात तो प्रश्न सहसा येत नाही, केरळच्या रुग्णात येईल. निदान मग तपासणीवर आणि सुजेची इतर कारणं वगळून. पायाची निगा, म्हणजे रोज साबण-पाणी, बोटांमधल्या भेगांवर उपचार, पाय उंच ठेवणं, यासाठी कुठल्याच पट्टीची वाट बघायची नाही.

इओसिनोफिल: अँटिबॉडीचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. रात्रीचा खोकला, दम, इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरला ३००० च्या वर, रक्तात मायक्रोफायलेरिया नाहीत: ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया, म्हणजे फायलेरियामुळे होणारा फुप्फुसाचा आजार. तिथे अँटिबॉडी खूप चढलेली असते आणि निदानाला टेकू देते. दुसरा उपयोग सामूहिक औषधोपचार थांबवल्यावर, लहान मुलांच्या पाहणीत. तिथे डब्ल्यूबी१२३ विरुद्धची अँटिबॉडी बघतात. ते वुचेरेरियाच्या अळीच्या अवस्थेतलं प्रथिन आहे, त्यामुळे नवा संपर्क लवकर कळतो. पण तो गावाचा प्रश्न. एका पायाचं उत्तर त्यातून निघत नाही.