हायकोर्टात जज कोण हवा: खालून चढत आलेला की वकिलीतून थेट गेलेला?

मुद्देमाल
राज्यघटनेच्या कलम 217 प्रमाणे हायकोर्टाचा जज व्हायच्या वाटा दोन: दहा वर्षं न्यायिक पद, नाहीतर दहा वर्षं हायकोर्टात वकिली. कागदावर दोन्ही सारख्याच. पण एमपीएससी देऊन कनिष्ठ स्तर, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीचा दिवाणी न्यायाधीश झालेला माणूस वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश असं करत, दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवत वर पोचतो तेव्हा पन्नाशी सरत आलेली असते. निवृत्ती 62 ला. भूषण गवई आणि अभय ओक, दोघंही 2003 मध्ये वकिलीतून मुंबई हायकोर्टात गेले ते त्रेचाळिशीच्या आसपास. म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जायला हाती वर्षं उरली. न्यायिक सेवेतून वर आलेल्यांना प्रथेने साधारण एक तृतीयांश जागा, त्याही उतारवयात. मला हा अन्याय वाटतो.

अपीलवाला
अन्याय जजवर होतोय की पक्षकारावर, ते आधी ठरवा. हायकोर्टात रिट, म्हणजे हक्कांसाठी थेट केलेल्या याचिका असतात, कंपन्यांचे वाद असतात, सरकारला जाब विचारायचा असतो. वीस वर्षं सरकारी बदल्या आणि गोपनीय अहवालांच्या धाकात काढलेला माणूस तिथे बिचकतो. वकिलाला असली सवय नसते.

तालुकाकोर्ट
बिचकतो म्हणे! फौजदारी अपिलात समोर काय येतं? पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या साक्षी-कागदपत्रांची छापील फाइल. साक्षीदार उलटतपासणीत पाच मिनिटं गप्प उभा होता, आरोपीकडे बघून घाम पुसत होता, हे त्यात सहसा नसतं. तिथे फक्त ‘हे म्हणणे खरे नाही’ एवढंच टाइप झालेलं. ज्यानं स्वतः शेकडो साक्षी नोंदवल्या त्याला या दोन ओळींमधली जागा दिसते. ओरिजिनल साइडच्या, म्हणजे हायकोर्टात थेट दाखल होणारे दावे चालवणाऱ्या बड्या वकिलानं असली साक्ष कधी घेतलीय?

अपीलवाला
मग पुष्पा गनेडीवालांचं काय? जिल्हा न्यायाधीशपदावरून मुंबई हायकोर्टात गेल्या. त्यांचा जानेवारी 2021 चा पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा निकाल सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी रद्द केला.

तालुकाकोर्ट
त्या 2007 मध्ये वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश झाल्या होत्या. कनिष्ठ स्तराची पायरी चढल्याच नाहीत. त्यांना तुमच्या खात्यात धरू की माझ्या? आणि एका निकालावरून सगळ्या सेवेचं माप काढायचं, तर वकिलीतून आलेल्यांचे रद्द झालेले निकालही काढू की.

नवीसनद
आम्हा पोरांचं कुणी बोलत नाही. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. ज्यांच्या हाताखाली काम करतो ते सीनियर वकील महिन्याला देतात त्यात पुण्यात खोलीभाडंही निघत नाही. वर अजून उशिरा आत जाणार म्हणजे हायकोर्ट आणखी लांब.

अपीलवाला
त्या तीन वर्षांच्या बाजूने मी आहे. एकही जामीन अर्ज न चालवलेल्यानं जामिनावर आदेश लिहू नये.

मुद्देमाल
चालेल. मग थेट वकिलीतून हायकोर्टात जाणाऱ्यालाही आधी तीन वर्षं तालुक्याला बसवा. गेवराईला चालेल?