सुपरनॅचरल: पाचव्या सीझनला थांबावं की पुढे जावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी, प्रश्न सुपरनॅचरलचा आहे, म्हणजे सॅम आणि डीन या भुतं-राक्षसं मारत फिरणाऱ्या दोन भावांच्या अमेरिकन मालिकेचा, आणि स्पॉयलर येणारच, ज्यांचं बघून झालेलं नाही त्यांनी इथूनच मागे फिरा प्लीज.

माझे सगळे १५ सीझन बघून झालेत. हॉस्टेलला असताना मैत्रिणीच्या हार्डडिस्कवरून सुरू केलं होतं आणि शेवटचा भाग नोव्हेंबर २०२० मध्ये घरात बसून बघितला. आता धाकटा भाऊ बारावीनंतरच्या सुट्टीत माझ्याकडे आलाय, त्याला पहिल्यापासून दाखवतेय, रोज रात्री जेवणं झाली की दोन भाग. काल पाचवा सीझन संपला. सॅमच्या अंगात ल्युसिफर म्हणजे सैतान, डीन नुसता मार खातोय, आणि गाडीच्या ॲशट्रेमध्ये लहानपणी अडकवलेला तो प्लॅस्टिकचा सैनिक दिसतो आणि सॅम आतून जागा होतो... भाऊ काहीच बोलला नाही, उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाला, ताई संपलं ना हे, मग अजून दहा सीझन कशाला?

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढचं बरंच मला मनापासून आवडतं पण सगळं नाही, आणि ते काय आवडतं हे नीट सांगताही येत नाही. सरळ पुढे दाखवू, निवडक दाखवू, की इथेच थांबू? तुम्ही काय केलं असतं?

गावकूस:
थांबा. एरिक क्रिप्कीने पाच वर्षांची गोष्ट डोक्यात ठेवून लिहिली आणि ती पूर्ण करून शोरनर (मालिकेचा मुख्य लेखक-निर्माता) म्हणून बाजूला झाला, टीव्हीवर लिहिणाऱ्याला हवं तिथे थांबायला कितीदा मिळतं? तुमच्या भावाला जे वाटलं ते बरोबर वाटलं.

माझं भांडण भुतांवरून आहे. पहिल्या दोन सीझनमध्ये भुताला पत्ता असायचा. हा पूल, हे घर, पोटच्या पोरांना बुडवून मग पुलावरून उडी टाकलेली ती बाई, म्हणून ती त्याच रस्त्यावर उभी. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला लागत नाही, आमच्या कोकणात प्रत्येक वाडीत एक तरी वाट अशी असते जिथून तिन्हीसांजेनंतर जायचं नसतं. मीठ टाकून हाडं जाळली की सुटका, हे माझ्या आजीलाही पटलं असतं, ती दृष्ट मीठ-मोहरीनेच काढायची. पुढेपुढे सगळं वर स्वर्गात गेलं आणि स्वर्ग म्हणजे काय तर पांढरे कॉरिडॉर आणि सूट घालून मीटिंगा घेणारे देवदूत. भीती गेली हो सगळी.

आणि मरणाची किंमत गेली. पहिल्या सीझनच्या चौथ्या भागात विमानातला एक डिमन काढायला पूर्ण एपिसोड लागतो, लॅटिन म्हणता म्हणता दोघांच्या तोंडचं पाणी पळतं. नंतर कुणीही येतं, सुरी खुपसतं, डिमन खलास. दुसऱ्याच्या शेवटी सॅमला परत आणायला डीन स्वतःचा आत्मा गहाण टाकतो, हातात एक वर्ष, आणि तिसरा सीझनभर ते वर्ष आपल्या छातीवर बसलेलं असतं. नंतर कोण मेलं की मी रडायचंच बंद केलं कारण चार भागांत परत येणार हे माहीत.

इंपाला६७:
गावकूस, किमतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण त्यावरून पुढचं सगळं टाकून देणं मला नाही पटत.

सहावा घ्या. आत्मा नसलेला सॅम अकरा भाग चालतो, ते लांबलंच. पण त्याच सीझनमध्ये विसावा भाग आहे, बेन एडलंडने लिहिलेला आणि त्यानेच दिग्दर्शित केलेला, ज्यात कॅस्टिएल, म्हणजे या भावांचा देवदूत मित्र कॅस, बाकावर एकटा बसून देवाला आपलं म्हणणं सांगतो, मी हे का केलं, मित्रांना का फसवलं, आणि शेवटी फक्त एक खूण मागतो आणि खूण येत नाही. चौथ्या-पाचव्यात कॅस भारी होता पण देवदूत होता. इथे तो चुकणारा माणूस झाला, चांगल्या हेतूने घसरत गेलेला, आणि हे पाचव्यानंतर थांबलात तर कधीच बघायला मिळणार नाही.

सातवा कमकुवत आहे, लेव्हायथन नावाच्या राक्षसांचा कंटाळा येतो, तरी त्यातला दहावा भाग म्हणजे या दोघांना बापासारखा असलेल्या बॉबीचा मृत्यू, तो सोडू नका. आणि आठव्यात दोघांना राहायला एक जुना बंकर मिळतो. पहिले सात सीझन ही पोरं मोटेलच्या खोल्यांत आणि गाडीत राहिली आणि मग डीनला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळते, तो भिंतीवर हत्यारं लावतो, आईचा फोटो ठेवतो, गादी कशी आहे ते सांगतो. मी स्वतः दर दोन वर्षांनी बदली होणाऱ्या घरात वाढलोय, तो छोटासा सीन बघताना मला काय झालं ते मी लिहू शकत नाही.

आणि अकराव्याचा चौथा भाग! पूर्ण भाग गाडीच्या नजरेतून, कॅमेरा इंपालाला सोडून कुठे जातच नाही. दहा सीझन त्या गाडीत बसल्यावरच तो भाग लिहिता येतो, दुसऱ्या सीझनला लिहिलाच नसता कुणी. लांबलं म्हणून जे मिळालं ते हे.

माझी एकच खरी तक्रार दहाव्यावर. डीन डिमन होतो, नवव्याच्या शेवटी डोळे काळे करून सोडलंय आपल्याला, वर्षातला सगळ्यात मोठा धक्का, आणि तिसऱ्या भागात बरा! एवढी मोठी गोष्ट हातात होती हो.

पावसाळी_बर्नाबी:
मी व्हँकुव्हरला लागून राहते, शूटिंग सगळं इथलंच. ओले उंच फर, धुकं, डोंगर, आणि खाली पाटी कॅन्ससची, जिथे खरं तर मैलोन्मैल सपाट माळ आहे :) इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात घराची फार आठवण यायची तेव्हा रस्ता ओळखीचा वाटला की मी पॉज करून नवऱ्याला हाक मारायचे.

मला वाटतं शोरनर बदलल्याला सगळे जास्त दोष देतात. गॅम्बल, मग कार्व्हर, मग डॅब, हे झालंच, पण बहुतेक वर्षी २२-२३ भाग भरायचे होते हो. जगबुडीची एक गोष्ट तेवढे भाग ताणली की पात्रं एकमेकांपासून गोष्टी लपवायला लागतात, कारण लपवलं नाही तर गोष्ट सहाव्या भागात संपते. तिसरा सीझन २००७-०८ च्या लेखकांच्या संपामुळे १६ भागांचा झाला आणि बघा किती घट्ट वाटतो. सॅम डीनला सांगत नाही, डीन सॅमला सांगत नाही, नवव्यापासून दरवर्षी तेच भांडण, तिथे मी थकले. दोन भाऊ पन्नासदा मेले असतील पण एकदा खुर्ची ओढून बसून बोलले असते तर...

आणि दोघांना बहिणीसारख्या असलेल्या चार्लीला दहाव्यात ज्या प्रकारे मारलं ते मी अजून माफ केलेलं नाही. मोटेलच्या बाथटबमध्ये टाकलेली. ती पोरगी या मालिकेचा उजेड होती.

गावकूस:
बर्नाबी, संपाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, पटला. इंपाला६७, खोलीचा तो सीन मी पुन्हा काढून बघितला. चांगला आहे. पण तुम्ही सांगताय ते सगळे एकेक भाग आहेत, गोष्ट कुठाय? पाचव्यानंतर मला एक गोष्ट दाखवा जिला शेवट आहे.

शुभ्रा_तिसरापहर:
मी दाखवते, इतकी वर्षं हेच कुणाला तरी सांगायचं होतं.

अकराव्याचा शेवट आठवा. डार्कनेस, म्हणजे अमारा, देवाची बहीण, त्याने तिला कोंडून ठेवलेलं. सगळे बॉम्ब बनवत असतात आणि शेवटी डीन तिच्याशी नुसता बोलतो, आणि भाऊ-बहीण समोरासमोर येऊन समेट करतात. मारामारी नाही! पाचव्याच्या शेवटी सॅम भावासाठी ल्युसिफरसकट नरकातल्या खड्ड्यात उडी मारतो, इथे भावंडं उडी न मारता मिटवतात. मला हे त्या पहिल्या शेवटाचं उत्तर वाटतं. तुम्ही थांबायला जागा मागताय ना, ही घ्या.

आणि मग चौदाव्याच्या शेवटी कळतं की चक, लेखक, देव, यानेच सगळं लिहिलंय, आणि त्याला ही दोघं एकमेकांना मारताना बघायचीयेत कारण ते त्याला छान कथानक वाटतं. जॅकला, ल्युसिफरच्या ज्या मुलाला या दोघांनी आपलं मानलंय त्याला, तो आपल्यासमोर संपवतो. बर्नाबी, तुझं ते दरवर्षीचं भांडण, गावकूस, तुमचं ते मरून परत येणं, आपल्या सगळ्या तक्रारी पंधराव्यात पात्रांच्याच तोंडी येतात. आम्हाला सोड, आम्हाला आमचं जगू दे. सगळं नीट जमलंय असं मी म्हणत नाही, मधले भाग विस्कळीत आहेत, आणि मार्च २०२० ला शूटिंग थांबलं तेव्हा शेवटचे दोन भाग राहिले होते, ते ऑगस्ट-सप्टेंबरात कोविडच्या नियमांत केले, त्यामुळे शेवटाला माणसंच कमी दिसतात, कॅस तर दिसतच नाही. ते लागलं मला, खूप लागलं. पण डीन शेवटी एका साध्या व्हॅम्पायरच्या केसमध्ये, गोठ्यासारख्या जागेत, लोखंडी सळई पाठीत घुसून जातो आणि सॅमला सांगतो की मला परत आणू नकोस. गावकूस, मरणाची किंमत परत आली की नाही? आणि सॅम ऐकतो. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ऐकतो.

इंपाला६७:
मला तो शेवट तेव्हा मुळीच आवडला नव्हता, सळई काय, एवढं सगळं करून सळई? पण ‘सॅम ऐकतो’ हे मी असं कधी बघितलंच नव्हतं.

गावकूस:
शुभ्रा, मी आठव्याच्या मध्यात सोडलं होतं, खरं सांगतो. तुम्ही लिहिलंय ते मला ऐकून माहीत होतं, बघून नाही. अकरावा बघतो. माझ्या मते गोष्ट पाचव्यालाच संपते, पण बघतो.

रानजाई:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद, मी काल रात्री हे सगळं भावाला वाचून दाखवलं, स्पॉयलर गाळून. बेत असा ठरला, सहाव्यातले थोडे आणि तो कॅसचा भाग, सातव्यातला फक्त बॉबी, आठवा आणि अकरावा पूर्ण, नववा-दहावा गोष्ट कळण्यापुरता, बाराव्या-तेराव्यातून जॅकची ओळख आणि मग चौदाव्याच्या शेवटापासून सरळ. चार्लीचा तो भाग मी दाखवणार नाहीये, तोंडी सांगेन.

त्याने एकच अट घातलीये, शेवटचा भाग इथे बघायचा नाही. जुलैत तो नाशिकला कॉलेजच्या हॉस्टेलवर जाणार आहे, तिथून फोन लावून दोघांनी एकाच वेळी सुरू करायचा म्हणाला. आज सहाव्याचा पहिला लावतेय.