किलगोरची साखळी: तेलाच्या गावांत पोलीस करत काय होते?

प्रश्न – ह्यूस्टनकर
पूर्व टेक्सासमधल्या किलगोरला तेलाचं म्युझियम बघून आलो. १९३० च्या ऑक्टोबरात शेजारच्या रस्क काउंटीत 'डेझी ब्रॅडफर्ड नं. ३' या विहिरीला तेल लागलं आणि काही शे वस्तीच्या किलगोरवर हजारो माणसं येऊन आदळली. तिथे ऐकलं की गोन्झाउलास नावाच्या टेक्सास रेंजरने (रेंजर म्हणजे राज्याचे पोलीस) चर्चचंच जेल केलं होतं आणि कैद्यांना एका लांब साखळीला जखडून ठेवायचा. हे खरं आहे का? आणि गावाचे स्वतःचे पोलीस कुठे होते?

उत्तर – निवृत्त फौजदार
खरं आहे. मॅन्युएल गोन्झाउलास, टोपणनाव 'लोन वुल्फ'. १९३१ च्या सुरुवातीला तो किलगोरला आला. गावात कोठडीला जागाच नव्हती. जुन्या चर्चमध्ये त्याने जाड साखळी ताणली, तिला आखूड साखळ्या आणि कुलपं लावली आणि धरून आणलेले लोक तिथे अडकवले.

माझी सगळी नोकरी ठाण्यात गेली, म्हणून मला जास्त खटकतं ते वेगळंच. संशयितांना हात पुढे करायला सांगून तो तळवे बघायचा. घट्टे असतील तर विहिरीवरचा कामकरी, जा बाबा. तळवे मऊ असतील तर जुगारी किंवा पाकीटमार असल्याचा संशय. रोज नवे चेहरे, कुणाचं रेकॉर्ड नाही, खबरी नाहीत, अशा गावात ही युक्ती का सुचली ते मला कळतं. पण मऊ हात शिंप्याचेही असतात, शाळामास्तरचेही. आपल्याकडे अटक केली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, आणि त्या नियमाची किंमत कोठडीच्या आत उभं राहिल्यावर कळते. साखळीला बांधलेल्या माणसाने आपली बाजू मांडायची कुणापुढे?

गावच्या पोलिसांचं विचारलंत, तर बोर्गरचं बघा. टेक्सासच्या उत्तरेकडचं हे गाव १९२६ मध्ये तेलामुळेच वसलं. तिथे पोलीस होते, पण गावचा कारभार आणि दारू-जुगाराचे अड्डे यांची हातमिळवणी होती. १९२७ मध्ये फ्रँक हेमर आणि टॉम हिकमन हे रेंजर कॅप्टन माणसं घेऊन आले, धाडी पडल्या, गाव गप्प झालं. रेंजर गेले आणि धंदे पुन्हा सुरू. सप्टेंबर १९२९ मध्ये डिस्ट्रिक्ट अॅटर्नी जॉन होम्स यांना त्यांच्या घरीच गोळ्या घातल्या. म्हणजे अड्ड्यांवर खटले भरणारा सरकारी वकीलच मारला! तेव्हा गव्हर्नर डॅन मूडींनी लष्करी कायदा पुकारला आणि नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याने, आधी कुणाची हत्यारं काढून घेतली? गावच्या पोलिसांची.

उत्तर – तुळसाची ताई
साहेब, ओक्लाहोमातल्या क्रॉमवेल या तेलाच्या गावाचंही सांगते. बिल टिल्गमन म्हणजे डॉज सिटीचा जुना मार्शल, म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, आणि दरोडेखोर बिल डूलिनला पकडणारा. वयाच्या सत्तरीत लोकांच्या आग्रहाखातर त्याने क्रॉमवेलची जबाबदारी घेतली. १ नोव्हेंबर १९२४ च्या रात्री डान्स हॉलबाहेर गोळीचा आवाज आला, म्हणून तो बाहेर धावला. गोळी झाडणारा होता वायली लिन, दारूबंदीचा केंद्रीय अधिकारी, आणि तोच दारू प्यायलेला! त्याचं पिस्तूल काढून घेतलं, पण दुसरं अंगावर होतं. त्या दुसऱ्या पिस्तुलाच्या गोळीने टिल्गमन मेला. पुढे लिन खटल्यातून निर्दोष सुटला. इतकी वर्षं झाली तरी मला याचा संताप येतो.

ह्यूस्टनकर
दोघांचे आभार. पण मग लोकांना रेंजर इतके का आवडायचे?

निवृत्त फौजदार
बाहेरचे होते म्हणून. पगार राज्याचा, गावात सोयरेधायरे नाहीत, कुणाच्या उपकाराखाली नाहीत. धाड घालायला असा माणूस उत्तम. पण गाव चालवायला रोजचा हवालदार लागतो, त्याला पोटापुरता पगार लागतो, आणि त्याने हप्ता घेतला तर त्याच्यावर केस करणारा वरचा अधिकारी लागतो. बोर्गरमध्ये यातलं काही उभं न करताच रेंजर परत गेले होते.

अजून एक. ऑगस्ट १९३१ मध्ये पूर्व टेक्सासच्या तेलपट्ट्यात गव्हर्नर स्टर्लिंग यांनी पुन्हा लष्करी कायदा लावला, पण त्याचा चोरांशी संबंध नव्हता. बेसुमार उपशाने तेलाचा भाव कोसळला होता, म्हणून विहिरी बंद करायला सैनिक पाठवले होते. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने निकाल गव्हर्नरच्या विरोधात दिला. पुन्हा म्युझियमला गेलात तर तो भागही जरूर विचारा.